चकलीचा एकच भाव

खरं सांगा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही शेवटचा अंगठा कुठल्या मेसेजखाली टाकलात? तो मेसेज पूर्ण वाचला होता का? की वरच्या पाच जणींनी टाकला म्हणून तुम्हीही टाकलात आणि कुकरकडे वळलात?

मी न वाचता टाकला होता. आधीच कबूल करते, म्हणजे पुढं मीनाक्षीबद्दल जे लिहिणार आहे ते मी शहाणपणा शिकवायला लिहितेय असं कुणाला वाटायला नको.

मीनाक्षी देवस्थळी, वय बावन्न, मूळची सांगलीची, गेली तेवीस वर्षं इथं अमेरिकेत, नोव्हाय गावात. त्यातली एकोणीस वर्षं तिनं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काढली, क्वालिटीत. वायरिंगच्या जोडण्या तपासायच्या, मापात बसतात का बघायचं, नाही बसल्या तर लाल टॅग लावून परत पाठवायच्या. मग एका मंगळवारी सकाळी झूमवर अकरा मिनिटांची मीटिंग झाली आणि नोकरी संपली. लॅपटॉप परत करायला रिकामा खोका कुरिअरनं घरी आला. ती म्हणाली, खोका चांगला होता, चारी कोपरे नीट होते.

त्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. कुणाला पत्र लिहू, कुठल्या सेनेटरच्या ऑफिसात जाऊन बसू, असं माझं चाललेलं. ती भेंडी चिरत होती. सगळे तुकडे एका मापाचे.

"मीनाक्षी, अगं काहीतरी बोल. रड तरी."

"काही वाटत नाही गं ताई," ती म्हणाली. "वाटलं की सांगते."

वर्ष झालं, तिनं सांगितलं नाही. नवरा राजेश नोकरीत आहे, घर चालतं. मुलगी आन्या शिकागोत असते, रविवारी फोन करते. "आई, आर यू ओके? लाइक, रिअली ओके?" आणि ही म्हणते, "हो. जेवलीस का?"

चकल्या करायला लागली तीही कुणीतरी म्हणालं म्हणून. जाडी मोजायचा एक कॅलिपर तिच्याकडे आहे, नोकरीत असताना स्वतःच्या पैशानं घेतलेला. चकलीचा वेढा ती त्यानं मोजते. कमी-जास्त भरला की ती चकली बाजूला, राजेशच्या डब्यात. आमची निधी म्हणायची, "हिच्या चकल्या गाडीच्या इंजिनात टाकल्या तरी फिट बसतील."

ही निधी आमच्या फराळाच्या ग्रुपची अ‍ॅडमिन. नोव्हाय, फार्मिंग्टन, कँटन ही शेजारशेजारची गावं मिळून आम्ही नऊ जणी. विकायचे पदार्थ करायचा परवाना असलेलं फार्मिंग्टनच्या एका चर्चचं स्वयंपाकघर तासावर भाड्यानं मिळतं. तिथं पाळीपाळीनं तळण करायचं, डबे भरायचे आणि नोव्हायला संजयच्या किराणा दुकानात ठेवायचे. मी तळत नाही. मी भांडते. चर्चनं भाडं वाढवलं तेव्हा त्यांच्या कमिटीपुढं बसले ती मी. संजयनं पाठीमागच्या फ्रीजरशेजारी टाकलेले आमचे डबे समोरच्या कप्प्यात आणवले, तेही मीच.

दर वर्षी चैत्रात निधीकडे हळदीकुंकू असतं. फ्रोझन कैरीची का होईना, डाळ असते, पन्हं असतं. आणि पन्हं पिता पिता दिवाळीच्या फराळाचा भाव ठरतो. पाच वर्षं हेच चाललंय. सुरुवात भांडणातून झाली होती. पहिल्या वर्षी दोघी मैत्रिणींनी एकमेकींपेक्षा स्वस्त विकायचा असा हट्ट धरला की शेवटी गणपतीच्या आरतीला दोघी दोन टोकांना उभ्या. पुन्हा असं नको, मैत्री टिकली पाहिजे, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच भाव.

यंदाचा मेसेज मीनाक्षीनं लिहिला, कारण ती सरळ आणि स्वच्छ लिहिते. "चकली अर्ध्या पौंडाला अकरा डॉलर. याच्या खाली कुणीही जायचं नाही. नोव्हायच्या ऑर्डरी नोव्हायवाल्यांनी घ्याव्यात, कँटनच्या कँटनवाल्यांनी. कुणी मोडलं तर ग्रुपवर सांगावं."

नऊ अंगठे. माझा सहावा. वर मी छाती काढून बोलले, "ही आपली युनियन आहे बरं का!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. निधीनं मला पन्ह्याचा दुसरा ग्लास दिला.

ऑगस्टमध्ये प्रीता आली. नागपूरची, तिशीची, कँटनला राहणारी, ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलेलं. नवऱ्याच्या कामाचे तास कापले गेले म्हणून तिनं त्याच चर्चचा बुधवार घेतला आणि चकल्या तळल्या. संजयनं तिला कप्प्यात खालचा कोपरा दिला. तिचा भाव आठ डॉलर. चकली चांगली होती, हे मला आत्ता लिहिता येतंय. आठवड्यात तिचा कोपरा रिकामा झाला आणि आमचे डबे तसेच.

निधीनं तिला फोन लावला, आम्ही चार जणी भोवती.

"प्रीता, आम्ही इथं पाच वर्षं आहोत. सगळ्यांचा एक भाव असतो इथं. तू बाजार बिघडवतेयस."

"पण ताई, मला आठमध्ये परवडून राहिलं ना," प्रीता म्हणाली. "मग मी अकरा कशाला घेऊ?"

सगळ्यांना राग आला. संजयला पत्र द्यायचं ठरलं. तेही मीनाक्षीनंच लिहिलं, चार ओळींचं. प्रीता यांचा माल आपण ठेवणार असाल तर दिवाळीत आमच्यापैकी कुणाचाही माल आपल्याकडे येणार नाही. मी वाचलं आणि "वा" म्हटलं. तासाभरात संजयनं प्रीताचे डबे उचलून तिला परत दिले. मीनाक्षीनं फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि भाजणी चाळायला घेतली.

त्याच सुमारास संजयच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं चकलीचा डबा हातात घेऊन विचारलं, यात तीळ आहेत का, माझ्या मुलाला चालत नाहीत. डब्यावर लिहिलं होतं, "तांदूळ, डाळी, मसाले." संजय घाबरला. म्हणाला, लेबलं सुधारा, नाहीतर मी कुणाचंच ठेवत नाही. कोण सुधारणार? मीनाक्षी. तिनं शोधून काढलं की जवळच्या कम्युनिटी कॉलेजात धंदा करणाऱ्यांसाठी एक कोर्स आहे, ग्राहक संरक्षण आणि स्पर्धा कायदा, बारा आठवडे, मंगळवारी संध्याकाळी सहाला. बावन्नाव्या वर्षी ती दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसली. शिकवायला मिस डोनेली म्हणून एक निवृत्त वकीलबाई. शेजारी जुन्या गाड्या विकणारा एक जाडा माणूस, पुढं नखं रंगवायच्या दुकानाची मालकीण, मागं छपरं दुरुस्त करणारे दोघे भाऊ.

पहिले सहा आठवडे ग्राहकाचे. खोटी जाहिरात म्हणजे काय, लेबलवर काय लिहायचं, काय लपवता येत नाही. मीनाक्षी शिकून यायची आणि शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सगळ्यांची लेबलं तपासायची.

"निधी, शंकरपाळ्यात तूप किती घालतेस?"

"घालते की."

"किती?"

"अगं, वास येईल इतकं!"

"मग 'शुद्ध तुपातली' लिहिता येणार नाही. घेणाऱ्याची फसवणूक होते ती."

"आली मोठी इन्स्पेक्टर! माझ्या सासूनं नाही विचारलं कधी, आणि तू विचार."

पण निधीनं लेबल बदललं. आम्हाला सगळ्यांना मीनाक्षीचा अभिमान वाटला. भेटेल त्याला मी सांगत सुटले, आमची मीनाक्षी कायदा शिकतेय. तिला विचारलं, बरं वाटतं का गं वर्गात? म्हणाली, खुर्च्या ठीक आहेत.

सातव्या आठवड्यात स्पर्धा कायदा सुरू झाला. मिस डोनेलींनी पडद्यावर एक उदाहरण टाकलं. एका गावात पाच बेकऱ्या. नाताळाच्या आधी मालक कॉफीला भेटतात आणि पावाचा भाव ठरवतात. गावाचे भाग वाटून घेतात. सहावा बेकरीवाला स्वस्त विकू लागतो, तेव्हा दुकानदारांना सांगतात, त्याचा पाव ठेवलात तर आमचा मिळणार नाही. यात गुन्हे किती?

गाड्यावाला ओरडला, "कॉफीचे पैसे कुणी दिले ते लिहिलेलं नाही!" वर्ग हसला.

मीनाक्षीनं वहीत तीन असा आकडा लिहिला. मग खाली एक, दोन, तीन, आणि प्रत्येकापुढं महिना. एप्रिल. एप्रिल. ऑगस्ट. ती वही मी पाहिली आहे. अक्षर कुठंही हललेलं नाही.

पण तिला खरं आठवलं ते दुसरंच. कंपनीत दर जानेवारीत एक ट्रेनिंग असायचं, चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. स्पर्धक कंपनीच्या माणसाशी भावाबद्दल बोलू नका. जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तर उठून जा, आणि उठून गेलात हे सगळ्यांच्या लक्षात येईल असं जा. शेवटी प्रश्न, मग "मला हे समजलं" या चौकटीत टिचकी. तिनं एकोणीस वेळा टिचकी मारली होती. दर वर्षी शंभरपैकी शंभर.

"ते वायरिंगचं होतं ना ताई," ती मला नंतर म्हणाली. "मला वाटलं, ते वायरिंगचंच आहे."

वर्ग सुटल्यावर तिनं मिस डोनेलींना सगळं सांगितलं, नावं न घेता. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "नऊ बायकांवर सरकार चालून येईल असं मला वाटत नाही. पण तू कायदा विचारलास. भाव वाजवी होता का, हेतू चांगला होता का, हे कोर्ट विचारत बसत नाही. विकणाऱ्यांनी मिळून ठरवला, एवढं पुरतं." मग त्यांनी विचारलं, "ती तुमची सहावी बेकरीवाली. तिचं पुढं काय झालं?"

मीनाक्षीला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. चहा झाला. तिनं वही उघडून मला तीन ओळी वाचून दाखवल्या.

"अगं पण ही युनियन आहे!" मी म्हटलं. "युनियनला कायद्यानं परवानगी असते. मला शिकवू नकोस, मी तीस वर्षं हेच करतेय."

"युनियन नोकरांची असते, ताई. नोकरांनी एकत्र येऊन पगार मागितला तर कायदा त्यांच्या पाठीशी. आपण कुणाच्या नोकर नाही. आपण विकणाऱ्या. विकणाऱ्यांनी एकत्र येऊन भाव बांधला की कायदा घेणाऱ्याच्या पाठीशी."

"आणि संजय? तो किती कापतो आपल्याकडून?"

"त्याच्याशी भांड की. एकेकीनं भांडा."

मी कुठल्याही कॉलेजात गेलेले नाही. जे शिकले ते लायब्ररीत आणि कोर्टाच्या बाकांवर. इतक्या वर्षांत मला चूक दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि दाखवली ती हिनं, चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवत. मी तडकले.

"मला तुझा राग येतोय."

"येऊ दे."

"आणि तुला? तुला काय वाटतंय?"

"काही नाही." तिनं वही मिटली. "दिवाळी अडीच आठवड्यांवर आहे. तोवर प्रीताचे डबे कप्प्यात गेले नाहीत तर तिचं वर्ष गेलं. तेवढंच डोक्यात आहे."

आम्ही संजयकडे गेलो. तो मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होता. मीनाक्षीनं सांगितलं, ऑगस्टमधलं पत्र मी लिहिलं होतं, ते मी मागे घेतेय. तू कुणाचा माल ठेवायचा ते तू ठरव. माझा येणारच, प्रीताचा असो नसो.

संजय पाण्याची बाटली धरून उभा राहिला. "ताई, मग मी एकदा निधीताईंना विचारून घेऊ का? बाकीच्यांना चालेल का ते."

"नको," मीनाक्षी म्हणाली. "ते विचारणं हाच तर गुन्हा आहे."

"बाप रे," संजय म्हणाला, आणि फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "खरं सांगू ताई? तिचं रोज विचारतात यार गिऱ्हाइकं. मधला अर्धा कप्पा देतो."

दुकानाबाहेर, गाडीत बसूनच तिनं ग्रुपवर लिहिलं. "चैत्रात भाव ठरवणारा मेसेज मी लिहिला होता. ती चूक होती. तो मी मागे घेते. माझा भाव मी ठरवीन आणि तुम्हाला सांगणार नाही. तुमचा मला सांगू नका. संजयला दिलेलं पत्रही मागे घेतलं आहे."

एकही अंगठा नाही. चार मिनिटांनी निधीचा फोन आला, गाडीत स्पीकरवर.

"मीनाक्षी, तू आमची कंप्लेंट करणारेस का?"

"नाही."

"मग हे लेखी कशाला घातलंस? पुरावा झाला ना!"

"पुरावा चैत्रातच झाला. आजचं फक्त मागे घेतल्याचं आहे."

"पाच वर्षं माझ्याकडे येऊन पन्हं प्यायलीस तू."

"हो. चांगलं असतं तुझं पन्हं."

मग निधी म्हणाली, "हिच्याशी धड भांडताही येत नाही," आणि फोन बंद झाला.

मी माझा चैत्रातला अंगठा शोधून काढून टाकला. त्या दिवसापासून ग्रुप गप्प झाला. आठवड्यानं कळलं की नवा ग्रुप झालाय आणि आम्ही दोघी त्यात नाही. माझी हयात भांडणात गेली, मला सवय आहे. मीनाक्षीला इथं तेवढ्याच मैत्रिणी होत्या. कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं," आणि तेलाचे भाव बघायला लागली.

प्रीताकडे मात्र आम्ही लगेच त्याच शुक्रवारी गेलो. कँटनमधलं दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर गोदामातलं पिवळं जाकीट होतं, सप्टेंबरपासून ती पॅकिंगच्या शिफ्ट करत होती. तिनं आम्हाला आत घेतलं, बसा म्हटलं, पाणी दिलं. मला "मावशी" म्हणाली, आणि ते मला टोचलं.

"आता कशाला आल्या? डबे तर काढले ना तुम्ही लोकांनी."

"ते पत्र मी लिहिलं होतं," मीनाक्षी म्हणाली.

"माहीत आहे. संजयभाऊंनी दाखवलं. छान लिहिलं होतं."

मीनाक्षीनं मान हलवली, कुणी हिशोबातली चूक दाखवावी तशी. "कप्पा परत मिळालाय. खालचा कोपरा नाही, मधला."

"माझी शनिवारपर्यंत शिफ्ट असते ताई."

"मग रविवारी."

"सोऱ्या जावेला देऊन टाकला."

"माझ्याकडे दोन आहेत."

प्रीतानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला वाईट वाटलं म्हणून करून राहिल्या का हे?"

"नाही," मीनाक्षी म्हणाली. "वाटायला हवं होतं. पण मला हल्ली वाटत नाही काही. वाटायची वाट बघत बसले तर दिवाळी निघून जाईल, म्हणून आधी करून टाकते."

प्रीता उठली आणि कॅलेंडरकडे गेली. चर्चचा येणारा रविवार कुणीतरी घेतलेला होता. पुढचा मोकळा मिळाला, एक नोव्हेंबरचा, दिवाळीच्या बरोबर आठवडाभर आधी.

त्या रविवारी मीही गेले. भांडायला काही नव्हतं म्हणून डबे पुसले. प्रीता तळत होती. मीनाक्षी लेबलं लावत होती, "तीळ" हा शब्द ठळक. दोन टेबलं, दोघींचा माल वेगळा. खूप दिवसांनी भाजणीचा तो वास नाकात बसला. तळण संपत आलं तेव्हा प्रीतानं किमतीचे स्टिकर काढले आणि सहज म्हणाली, "ताई, तेल महाग झालं ना यंदा. मी विचार करून राहिली होती की किती लावू, साडेआ—"

मीनाक्षी ताडकन उठली. इतक्या जोरात की तिचं स्टीलचं स्टूल उलटं पडलं आणि चर्चभर घुमलं. तशीच ती दार ढकलून बाहेर गेली, कोट न घालता, पार्किंग लॉटच्या मधोमध जाऊन उभी राहिली. उठून जा, आणि सगळ्यांच्या लक्षात येईल असं जा.

प्रीता झारा हातात धरून बघत राहिली. मग हसायला लागली. पोट धरून हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते.

मी कोट घेऊन बाहेर गेले. वारा बोचरा होता. मीनाक्षी दोन्ही हात काखेत घालून उभी होती.

"काय गं, वाटतंय का काही?"

तिनं जरा विचार केला. "थंडी वाजतेय," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर कोट टाकला. प्रीतानं स्टिकर लावून डबे बंद खोक्यात भरेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या होतो.

हे लिहितेय तेव्हा दिवाळीला चार दिवस आहेत. मीनाक्षीचे तीन वर्ग राहिलेत. प्रीताची शिफ्ट चालू आहे, चकल्या फक्त रविवारी. दुकानात लावलेला भाव वाचायला कायद्याची ना नाही, मिस डोनेलींनीच सांगितलं. तरी मीनाक्षी आपले डबे ठेवताना मधल्या कप्प्याकडे पाठ करून उभी राहते. संजय हसतो. ती हसत नाही.

तेव्हा तुम्हाला सांगते, नोव्हायच्या बाजूला आलात तर संजयच्या कप्प्यातून दोघींचा एकेक डबा घ्या, घरी नेऊन खा, आणि जिची आवडेल तिची पुन्हा घ्या. आणि लांब राहत असाल तर एवढं करा: फोन उघडा, मागं जा, तो एकच भाव ठरवणारा मेसेज शोधा, आणि त्याच्याखालचा तुमचा अंगठा आत्ताच्या आत्ता काढून घ्या.